काथोडदादांची कायदेशीर शेड

काथोडदादांनी एकदा कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी महापालिकेत अर्ज केला होता.

दोन खिळे, बारा फूट नायलॉनची दोरी आणि सोबत वहीच्या कागदावर पेनाने काढलेला नकाशा. खिडकीतल्या बाई आधी हसल्या. मग दादा हसत नाहीत हे बघून गप्प झाल्या.

"काका, दोरीला परवानगी लागत नाही."

"लागत नाय ना? मंग त्येच लिवून दे."

लिहून काही मिळालं नाही, पण पोचपावतीवर शिक्का मिळाला. दादांनी ती पावती लॅमिनेट केली आणि दोरीच्या खिळ्याला टांगली. ठमाकाकींच्या लुगड्यांशेजारी ती कित्येक महिने फडफडत होती.

याची गंमत कळायला ते गाव बघायला हवं. मानपाड्याच्या आतल्या अंगाला आगऱ्यांची जुनी वस्ती आहे. भातशेती होती तिथे आता बिल्डिंगा आहेत. या गावात माणूस सकाळी चहा पिता पिता वर एक मजला चढवायचं ठरवतो, आणि दिवाळीला त्या मजल्यावर कंदील लागलेला असतो. बाल्कनीची खोली होते, जिन्याखाली मोबाईलचं दुकान होतं. परवानगी हा शब्द फक्त लाऊडस्पीकरच्या बाबतीत ऐकू येतो. अशा गावात दादा कोंबड्यांच्या खुराड्यासाठी अर्ज करायचे. तुळशीवृंदावन दोन हात सरकवायचं, तरी अर्ज.

"आमच्या लग्नाची परमिशन घेतलीवती का, इचार त्याना," काकी म्हणायच्या.

"तवा अक्कल नव्हती," दादा म्हणायचे.

मी डोंबिवली पूर्वेला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. नकाशे काढतो, फायली बनवतो, पालिकेत खेपा घालतो. तीनेक वर्षांपूर्वी दादा आमच्या ऑफिसात आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरा शर्ट, लेंगा, काखेत प्लॅस्टिकची पिशवी, आणि त्या पिशवीत आणखी एक पिशवी. ऑफिसात चारजण बसलेले, पण दादा सरळ माझ्याच टेबलाशी आले.

"ए नकाशावाले, घराशेजारी गारीसाठी शेड टाकायचीय. चार खांब, वर पत्रा."

"दादा, एवढ्यासाठी कशाला फाईल करताय? गावात सगळे टाकतात."

"सगले टाकतान. मना कागदावर पायजे."

"बरं. गाडी कुठली आहे?"

"गारी येल."

एवढंच. मी फॉर्मवर तो रकाना रिकामा सोडला.

नियम तसा साधा आहे. घर आणि कंपाउंड यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडावी लागते, तिच्यात बांधकाम चालत नाही. गाडीपुरती शेड चालू शकते, पण बाजू उघड्या हव्यात, भिंत नको, पुढेमागे तिची खोली करायची नाही. चार दिवसांत नकाशा होईल असं मी म्हणालो. मग कागदपत्रं बघायला घेतली आणि घोळ लक्षात आला. शेड घराला जोडून, आणि घर दादांच्या आजोबांनी बांधलेलं. त्याचा मंजूर नकाशा कुठेच नव्हता.

"दादा, पालिकेच्या लेखी तुमचं घरच नाही."

"मंग मी ऱ्हातू कुटं?"

"पालिकेच्या लेखी, कुठेच नाही."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. दादांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "बराबर हाय त्यांचं. मंग आदी घराचं कर."

तर आधी घर. घरासाठी जमिनीची मोजणी. मोजणीसाठी सातबारा. आणि सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली पाच वारलेली. राहिलेल्यांच्या सह्या हव्या होत्या. दादा म्हणाले, चल. मी म्हणालो, ते माझं काम नाही. दादा म्हणाले, चल तरी.

खडवलीला त्यांची धाकटी बहीण राहते. तिने दारातच अडवलं. "सहा वर्सान तोंड नाय दाखवलंस. आता सही पायजे म्हनून आलास?"

"हा. सहीसाठीच आलू," दादा म्हणाले. यांना खोटं बोलायचीसुद्धा परवानगी लागत असावी.

बहिणीने आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली, जेवताना दादांना यथेच्छ शिव्या दिल्या, आणि हात धुतल्यावर सही केली. शहाडचा पुतण्या मात्र बेरकी. त्याने कागद उलटसुलट बघितला आणि मला बाजूला घेतलं. "भाऊ, खरं सांगा. पत्र्याच्या शेडला एवढ्या सह्या कोण घेतो? टॉवरची स्कीम आहे ना?" त्याला पटवायला चार खेपा लागल्या. पटलं नाहीच, कंटाळून त्याने सही केली.

पाहणीला पालिकेचा एक तरुण इंजिनिअर आला. दादांनी आदल्या दिवशीच खांबांच्या जागी चुन्याने फुल्या मारून ठेवल्या होत्या. इंजिनिअरने टेप लावली, म्हणाला, अंतर बरोबर आहे.

"आनखी चार बोटं सोर," दादा मला म्हणाले.

"दादा, नियमात बसतंय."

"बसतंय तरी सोर."

इंजिनिअर माझ्याकडे बघत राहिला. कंपाउंडपासून आपणहून जास्त जागा सोडणारा माणूस त्याने नोकरीत पहिल्यांदाच पाहिला असावा.

या सगळ्याला दोन वर्षं लागली. कोणी मुद्दाम अडवलं असं नाही. एकेका कागदाला त्याचा त्याचा वेळ लागला, बस. परवानगीचं पत्र आलं तेव्हा दादांनी ते नातीकडून तीनदा वाचून घेतलं. महिन्याभरात शेड उभी राहिली. नकाशात जशी, तशी. चार खांब, निळा पत्रा, खाली कोबा. आणि गाडी नाही.

गावाला विषयच मिळाला. "दादांनी आत हवा पार्क केलीय," पोरं म्हणायची. शहाडच्या पुतण्याने नवी गाडी घेतली आणि लग्नसराईत चार दिवस ती शेडमध्ये लावू का विचारलं. दादा नाही म्हणाले. "जागा बुक हाय."

"कोनासाठी?"

दादा कोंबड्यांना दाणे टाकायला उठून गेले.

ठमाकाकींनी मला सांगितलं ते तेव्हा. दादा पोस्टात गेले होते, मी फाईलची झेरॉक्स द्यायला गेलो होतो.

"सुर्व्यासाठी हाय ती," काकी म्हणाल्या. "तुना म्हाईत आसल. आपल्या शेतावरच्या बिल्डिंगमदला."

मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी दादांनी आपलं शेत एका बिल्डरला दिलं होतं. चार मजली बिल्डिंग झाली, सोळा बिऱ्हाडं राहायला आली. बहुतेक कोकणातली, गावची जमीन, बायकोचे दागिने विकून आलेली. पाच वर्षांनी निघालं की पालिकेची परवानगीच खोटी होती. बिल्डर पळाला. कोर्टाचा हुकूम आला, बिल्डिंग रिकामी झाली, पाडली गेली. दादांचे दोन फ्लॅट होते, तेही गेले. दादांवर केस झाली नाही, त्यांनाही फसवलंच होतं. पण लोक अजूनही तिला काथोडच्या शेतावरची बिल्डिंग म्हणतात.

सुर्वे शाळेची व्हॅन चालवायचे. तिसऱ्या मजल्यावर राहायचे. घर घेण्याआधी ते दादांकडे आले होते, इथे, याच अंगणात. म्हणाले, "दादा, जमीन तुमची आहे म्हणून विचारतो. कागदपत्रं एकदा बघायला मिळतील का?"

"आनि ह्ये हसले," काकी म्हणाल्या. "बोल्ले, जमीन माजी, मी इथं उभा हाय, तू कागुद कनाला बगतस? तो बिचारा वरमला. आनि घेतलंन घर."

बिल्डिंग गेल्यावर सुर्वे चाळीतल्या भाड्याच्या खोलीत गेले. व्हॅन उन्हातान्हात हायवेच्या कडेला उभी राहायची. दोनदा तिच्या काचा फुटल्या, एकदा बॅटरी गेली. दादांनी ते कुठूनतरी ऐकलं. तेव्हापासून शेड त्यांच्या डोक्यात होती. आणि तेव्हापासूनच अर्जही सुरू झाले.

आता इथपर्यंत सांगितलं, तर माझंही सांगायला हवं. त्या बिल्डिंगचा नकाशा मी काढला होता.

तेव्हा मी दुसऱ्या ऑफिसात होतो. तो बिल्डर आला, म्हणाला, गिऱ्हाइकांना दाखवायला एक झकास नकाशा काढून दे. मी काढला. झाडं काढली, गेट काढलं, खोल्यांना रंग भरले. तो पालिकेत गेलेला नाही हे मला माहीत होतं. पुढे त्याच्यावर शिक्का कोणी मारला ते माहीत नाही. बिल्डिंग उभी राहताना मी रोज स्कूटरवरून तिच्यासमोरून जायचो. पहिल्या मजल्याला पडदे लागले तेव्हा स्कूटर थांबवून बघत राहिलो होतो. पण एका ड्राफ्ट्समनचं कोण ऐकणार, असं म्हणून मी पुढे गेलो. पाडली तेव्हा महिनाभर दुसऱ्या रस्त्याने गेलो. दोन वर्षं दादांबरोबर हिंडलो, त्यांच्या बहिणीच्या हातची भाकरी खाल्ली, आणि एकदाही हे त्यांना सांगितलं नाही.

एका रविवारी दादांनी सुर्व्यांना बोलावलं, मलाही बोलावलं. सुर्वे रिक्षातून उतरले. साठीच्या आतलेच असतील, पण केस पूर्ण पांढरे झालेले. दादांनी त्यांना शेडमध्ये खुर्चीवर बसवलं.

"तुजी व्हॅन हितं लाव. कायमची. कोन काय बोलनार नाय."

सुर्वे खालच्या कोब्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "दादा, व्हॅन विकली मी. गेल्या वर्षी. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता पोरांची जबाबदारी नाही घेववत. मुलगा पुण्याला आहे, पुढच्या महिन्यात आम्ही तिकडेच चाललोय."

परवानगी गेल्या वर्षाच्या आधी आली असती तर, हे आम्हा तिघांच्याही मनात आलं असणार. मग दादांनी पिशवीतून पिशवी काढली, त्यातून फाईल काढली आणि सुर्व्यांच्या मांडीवर ठेवली.

"तरी बग. येकेक कागुद बग."

सुर्व्यांनी चष्मा लावला. मला वाटलं वरवर चाळतील. त्यांनी पहिल्या पानापासून वाचलं. सातबारा, मोजणी, अकरा जणांचा हिशेब, पाचजणांचे मृत्यूचे दाखले, सह्या, शिक्के. पाठकोऱ्या बाजूही उलटून बघितल्या. दादा समोर उभे होते, शाळेत उभं करतात तसे. काकी चहा घेऊन आल्या आणि कप तसेच हातात धरून थांबल्या.

शेवटी नकाशा उघडला. "हा तुम्ही काढला?" सुर्व्यांनी मला विचारलं.

"हो."

"छान आहे. आमच्या बिल्डिंगचाही असाच नीट काढलेला होता. झाडंबिडं दाखवलेली. त्याच्यावरच भुललो आम्ही."

त्यांनी फाईल बंद केली, दादांच्या हातात दिली आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे, दादा." चहा घेतला, काकींना नमस्कार केला आणि गेले. मी त्यांना थांबवू शकलो असतो. रिक्षा मिळायला चांगली दहा मिनिटं लागली होती.

रिक्षा वळल्यावर मी दादांना सांगितलं. सगळं, पडद्यांपर्यंतचं. सांगताना त्यांच्याकडे बघवेना, पत्र्याच्या कडेकडे बघत बोललो.

"मना म्हाईत हाय," दादा म्हणाले.

"काय?"

"त्या नकाशावं कोपऱ्यान तुजं नाव व्हतं. नातीकडना वाचून घेतलं. मंग चौकशी केली, तू आता कंच्या हापिसान हायस ती." त्यांनी फाईल आतल्या पिशवीत घातली, ती पिशवी बाहेरच्या पिशवीत. "म्हनून तं तुज्याकं आलू."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीत?"

दादा सुर्व्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

"मना वाटलं, तू बोलशील. येकट्याला त्यो भार लय जर जात व्हता रं."