अठरा दुकानांचा एकच फोन

सासरे बोलायला बसले, तेव्हा नाववाल्याने अठरा नावं विकत घेऊन दोन तास झाले होते आणि ही गोष्ट त्याने घरात कुणालाच सांगितली नव्हती.

नाववाला हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. ते त्याला पुढे बाजाररस्त्याने दिलं. त्याआधी तो एका कचेरीत कम्प्युटर सांभाळायचा. कचेरीच दुसऱ्या शहरात गेली आणि हा घरी बसला. सासऱ्यांचं त्याच रस्त्यावर नळ, बेसिन आणि शॉवरचं दुकान होतं. त्यांचे गुडघे आता शिडीवर चढायला नकार देत होते, त्यामुळे जावई रिकामा झाल्याचं त्यांना मनापासून दुःख झालेलं नव्हतं.

"एक तारखेपासून दुकानात बसा, जावईबापू," सासरे म्हणाले. "आपलंच आहे."

सासऱ्यांबद्दल नाववाल्याची तक्रार नव्हती, पण नळाबद्दल त्याला काडीची माहिती नव्हती. आणि रोज सकाळी नऊ ते रात्री नऊ सासऱ्यांच्या नजरेसमोर बसायचं, ते जेवायच्या सुट्टीसकट, या विचाराने त्याला घाम फुटला. त्याने घाईघाईने आपला धंदा सांगून टाकला. दुकानाच्या नावापुढे डॉट कॉम लावायचं. इंटरनेटवर ते नाव जगात एकाचंच असतं. ते आपण आधी घेऊन ठेवायचं आणि मग दुकानदाराला विकायचं.

"म्हणजे ज्याची वस्तू त्यालाच विकायची?"

"वस्तू नाही बाबा. पत्ता."

सासऱ्यांनी पत्त्यावर बराच विचार केला. "बरं. महिनाभर देतो. तुमच्या या घरातून एक तरी नाव विकून दाखवा. एकच. मग मी दुकानाचा विषय जन्मात काढणार नाही. नाहीतर महिना संपेल त्या संध्याकाळी मी येतो आणि तुम्हाला घेऊन जातो."

"एक? अहो, अठरा आहेत!" नाववाला उत्साहाने म्हणाला आणि मग बायकोच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाला. घरातली पुढची चर्चा सासरे गेल्यावर झाली. ती इथे देण्यासारखी नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्याने टेलरकाका निवडले. काकांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि सगळं ऐकून घेतलं.

"हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलंय. ते तुझ्याकडे कसं आलं?"

"मी घेतलं, काका."

"कुणाला विचारून?"

"त्यात विचारायचं नसतं. जो आधी घेईल त्याचं."

"वा! उद्या येशील आणि म्हणशील, काका, हा अंगठा तुमचा, पण नोंदणी माझ्याकडे आहे. नीघ!"

दाताचे डॉक्टर सभ्य होते. त्यांना वाटलं हा औषध कंपनीचा माणूस आहे. "नमुना ठेवून जा, बघतो," ते म्हणाले. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंनी तर गाडीतून उतरायचेही कष्ट घेतले नाहीत. "माझा नंबर गाडीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत आहे. गाडी दिवसभर फिरते. तुमचं नाव फिरतं का?"

"फिरत नाही, पण कुठूनही दिसतं."

"गाडीपण दिसते. लोक लांबूनच बाजूला होतात."

आठवडाभर असंच चाललं. शेवटी नाववाल्याच्या ध्यानात आलं की लोकांना नाव हातात धरून दाखवता येत नाही, हीच अडचण आहे. म्हणून त्याने नमुना ठेवायचं ठरवलं. अठरा नावांवर त्याने अठरा पानं तयार केली. वर दुकानाचं नाव, खाली वेळ, त्याखाली 'संपर्क करा'. आता संपर्काला नंबर कुणाचा द्यायचा? दुकानदाराला न विचारता त्याचा नंबर देणं त्याच्या मनाला पटेना. नाव न विचारता घेताना हे मन कुठे होतं, ते कळत नाही. पण अठराही पानांवर त्याने स्वतःचा नंबर टाकला.

"अठरा दुकानांना तुमचा एकट्याचा नंबर?" बायकोने विचारलं.

"नुसता दाखवायला गं. कोण बघणार आहे?"

जो माणूस ही पानं जग बघेल असं सांगून विकत होता, त्याने हे म्हणावं!

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. पलीकडे एक बाई कळवळत होत्या. "डॉक्टर आहेत का? दाढ फार दुखतेय हो."

राँग नंबर म्हणून तो फोन ठेवू शकला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याला आनंदाचं भरतंच आलं. नाव चालतंय! त्याने बाईंना थांबायला सांगितलं आणि चप्पल न घालता दवाखाना गाठला. "डॉक्टर! तुमच्या नावावरून पेशंट आला!"

"छान. साडेपाचला पाठवा."

"मग घेताय ना नाव?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "पेशंट येतोय ना? मग घेऊन मी काय करू?"

नाववाल्याचे खरे हाल इथून सुरू झाले. दिवसाला पाच फोन आले, मग पंधरा, मग मोजायचं त्याने सोडून दिलं. ब्लाउजची बाही किती ठेवणार, कुलूप घरी येऊन उघडता का, चष्म्याची काडी मिळेल का, गाडी शिकायला वयाची अट आहे का. प्रत्येक फोन म्हणजे आपल्या मालाचा पुरावा, या आशेवर तो दुकानादुकानांत निरोप पोचवत होता. दुकानदारांना ही सोय फारच आवडली. एका सकाळी टेलरकाका स्वतः घरी आले.

"गुरुवारी मी नाहीये. फोन आला तर शुक्रवारी या म्हणून सांग."

"काका, मी तुमचा नोकर आहे का?"

"छे छे! नोकराला पगार असतो," काका म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

मग त्याने एक वही केली. वही झाली की घोटाळे थांबतील, असं त्याला वाटलं. पण वहीत ड्रायव्हिंगचं पान आणि दवाखान्याचं पान समोरासमोर होतं. एका सकाळी दहा वाजता ड्रायव्हिंगच्या बाई कोपऱ्यावर गाडी घेऊन आल्या, तर तिथे तीन माणसं उभी. तिघांनाही दहाचीच वेळ दिलेली. बाई खमक्या होत्या. त्यांनी एकाला चाकावर बसवलं आणि दोघांना मागे. "तुम्ही बघून शिका," त्या म्हणाल्या.

मागे बसलेल्यांतले एक आजोबा दात काढायला आले होते. 'दहाला कोपऱ्यावर उभे राहा' असं त्यांना फोनवर सांगण्यात आलं होतं, तेव्हा डॉक्टर पेशंटला न्यायला गाडी पाठवतात याचं कौतुक करत ते बसले होते. चाकावरचा माणूस आयुष्यात प्रथमच गाडी चालवत होता आणि मागे प्रेक्षक बसलेले. त्याने ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं आणि गाडी टेलरकाकांच्या पायरीवर चढून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त आजोबांचा हलणारा दात या धक्क्याने आपला आपण बाहेर आला. तो हातात घेऊन ते बाईंना म्हणाले, "काही कळलंच नाही हो! किती द्यायचे?"

दुपारपर्यंत काका, बाई आणि डॉक्टर तिघंही नाववाल्याच्या दारात हजर. पायरी कोण बांधून देणार, असं टेलरकाका विचारत होते. गाडीचा दिवा कोण बसवणार, असं बाई विचारत होत्या. डॉक्टर सर्वांत जास्त दुखावले होते. "माझा पेशंट तुम्ही ड्रायव्हिंग स्कूलला दिलात," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "आणि त्यांनी दात काढलासुद्धा."

बायको आतून सगळं ऐकत होती. तिघं गेल्यावर ती बाहेर आली आणि तिने हात पुढे केला. "आणा तो फोन इकडे. वहीपण."

त्या दिवसापासून घोटाळे बंद झाले. बायको फोनवर आधी दुकान विचारायची, मग काम, मग वेळ, आणि शेवटी सगळं एकदा वाचून दाखवायची. तिच्या स्वतःच्या फोनवरही हल्ली ती बरंच बोलत असे. मैत्रिणी असतील, असं नाववाल्याला वाटलं. तो स्वतः पुन्हा नावं विकायला बाहेर पडला आणि रोज तितकीच घेऊन परत आला.

महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा त्याचा धीर सुटला. त्याने अठराही पानं बंद करून टाकली. आता कळेल यांना, तो बायकोला म्हणाला. आणि खरंच, शेवटच्या दिवशी दुपारी टेलरकाका, डॉक्टर आणि बाई एकत्र आले. फोन का बंद झाले म्हणून तिघंही अस्वस्थ होते.

"नावं घ्या, लगेच सुरू करतो," नाववाला म्हणाला.

"नाव घेतलं तर फोन कुणाकडे येणार?" काकांनी विचारलं.

"तुमच्याकडे!"

"मग मी शिवू कधी? तोंडात टाचण्या असतात माझ्या. नाव तुझ्याकडेच असू दे बाबा. फोन घ्यायचे आम्ही दर महिन्याला काय ते पैसे देऊ."

डॉक्टर आणि बाईंनी माना डोलावल्या. नाव कुणालाच नको होतं. तिघंही खूश होऊन गेले आणि नाववाला सोफ्यावर बसून राहिला. अठरातलं एकही विकलं गेलं नव्हतं, आणि संध्याकाळी सहाला सासरे यायचे होते. त्याला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

सासरे पावणेसहालाच आले. "विकलं?" त्यांनी दारातच विचारलं. चेहऱ्यावरून उत्तर कळल्यावर ते समाधानाने खुर्चीत बसले. "बरंच झालं. मला माणूस हवाच आहे. दहा-बारा दिवसांत काय गर्दी वाढलीय! आणि लोक येतात तेच म्हणतात, तुमच्या मॅडमनी फोनवर सांगितलं, जुन्या पाइपला हाच नळ बसेल. मी म्हणतो, आमच्याकडे मॅडम नाही. पण गंमत म्हणजे, नळ बरोबर तोच बसतो!"

बायको चहाचे कप घेऊन बाहेर आली. "बाबा, माळ्यावरचे लांब तोटीचे नळ संपले का हो? आज दोघांना पाठवलं मी."

सासऱ्यांनी कप हातात घेतला तो तसाच धरला.

"सतरा तारखेला घेतलं मी तुमच्या दुकानाचं नाव. पान केलं, नंबर माझा टाकला," बायको म्हणाली. "ह्यांच्या अठरांत ते नव्हतं. तुमच्याकडे यायची ह्यांची छाती झाली नाही. तुम्हाला हवंय का? नसेल तर उद्यापासून बंद करते."

"बापालाच विकतेस?"

"वस्तू नाही बाबा. पत्ता."

सासऱ्यांनी घासाघीस करून पाहिली. ती त्यांचीच मुलगी होती, एक पैसा खाली आली नाही. शेवटी त्यांनी पाकीट काढलं. पैसे दिल्यावर ते नाववाल्याकडे वळले. "सुटलात, जावईबापू. घरातून एक नाव विकलं गेलं. शब्द म्हणजे शब्द."

नाववाल्याला हसावं की बायकोच्या पाया पडावं, कळेना. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "नाही, तो घेऊ नका," ती कुणाला तरी सांगत होती. "तुमच्याकडे पाण्याला जोर कमी आहे. त्याच्या खालचा घ्या, स्वस्तही पडेल." सासरे तिच्याकडे एकटक बघत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तू येशील दुकानात?"

बायको त्यांच्यासमोर बसली. "लग्नाला सात वर्षं झाली, बाबा. त्या दुकानात मी लहानाची मोठी झाले. एकदा तरी विचारलंत मला? विचारलंत ते ह्यांना. ह्यांना नळ कुठल्या बाजूला फिरवायचा तेही दोनदा बघावं लागतं."

हे खरं होतं, त्यामुळे नाववाल्याने आक्षेप घेतला नाही. सासरे मान खाली घालून बसले. "चुकलंच माझं, पोरी," ते म्हणाले. आणि इतकी वर्षं कुणापुढे न झुकलेल्या त्या माणसाचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ते तिला घेऊन गेले. अठरा पानं पुन्हा सुरू झाली, आणि नाववाला घरी वही पुढ्यात घेऊन बसला. आता दवाखाना आणि ड्रायव्हिंग यांच्यामध्ये त्याने चार कोरी पानं सोडली होती. अकराच्या सुमाराला सासऱ्यांचा फोन आला. ते अगदी दबक्या आवाजात बोलत होते.

"जावईबापू, एक काम आहे. तिला कळू देऊ नका. पाटी बदलतोय. दुकानाच्या नावापुढे 'आणि कन्या' असं लिहायचं आहे. तर ते डॉट कॉमचं नवीन नाव मोकळं आहे का, बघा जरा. मी विकत घेतो तुमच्याकडून."

अखेर गिऱ्हाईक आपल्या पायाने आलं होतं. नाववाल्याने घाईघाईने नाव टाकून पाहिलं आणि पडद्यावरची ओळ दोनदा वाचली.

"घेतलंय हो कुणीतरी. सतरा तारखेलाच."

"सतरा? अरेरे! कोण आहे तो? कुठे भेटेल?"

"तुमच्या शेजारीच बसलीय, बाबा," नाववाला म्हणाला. "पण भाव कमी करणार नाही."