आमचा स्वतःचा तंबू

तंबू विकत घ्यावा असं माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. ते माझ्या तोंडून आलं. मनातल्या गोष्टी आणि तोंडातल्या गोष्टी यांची माझ्याकडे वेगवेगळी दारं आहेत आणि तोंडाच्या दाराला कडी नाही (हे बायकोचं मत. पण तिनं ते इतक्या वेळा मांडलंय की आता मलाही पटलंय).

झालं असं, की मुलीला सुट्टी लागली आणि साडूंचा फोन आला. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. आयुष्यभर नवशिक्यांच्या शेजारी बसून बसून त्यांना अशी सवय लागलीय, की समोरचा माणूस नुसता बोलत असला तरी त्यांचा पाय जमिनीवर ब्रेक शोधत असतो. दर सुट्टीत ते सहकुटुंब तळ्याकाठी तंबू ठोकून राहतात आणि उरलेलं वर्ष त्याबद्दल बोलतात. यंदा त्यांनी आम्हालाही बोलावलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मग ते म्हणाले, "आमचा जुना तंबू पडलाय माळ्यावर. थोडा फाटलाय, पण तुम्हाला चालेल."

ते 'तुम्हाला चालेल' मला लागलं. तसा मी सोशिक माणूस आहे. विजेच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. दिवसभर लोक मला वाट्टेल ते बोलतात आणि मी शांतपणे ऐकून घेतो. तक्रारी ऐकणं हा माझा व्यवसाय आहे आणि घरी आल्यावर छंद. पण मला फाटकं चालेल असं साडूनं म्हणावं, हे सहन करणं माझ्या पगारात बसत नाही.

"नको, आम्ही आमचा घेतलाय," मी म्हणालो.

"अरे वा. किती माणसांचा?"

"तुमचा केवढा आहे?"

"चार माणसांचा."

"आमचा सहाचा," असं म्हणून मी घाईघाईनं फोन ठेवला.

वळून बघतो तर बायको दारात उभी. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, की तो तंबू नक्की कुठे ठेवलाय, म्हणजे तिला त्याच्याखालून केर काढता येईल.

तर अशा रीतीनं आम्ही तंबू घ्यायला निघालो. आम्ही म्हणजे मी, बायको, आमची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या दुकानात येणार हे मला ठाऊक नव्हतं. पण मी बूट घालायला वाकलो तेव्हा त्या चप्पल घालून तयार होत्या. तंबू आपणच पसंत करणार असं त्यांनी जाहीर केलं. कारण तुम्ही सगळे तळ्यावर हुंदडायला जाल आणि दिवसभर त्या घरात मलाच बसायचंय, असं त्यांचं म्हणणं होतं. (तोपर्यंत त्या तळ्यावर येणार आहेत हेही मला ठाऊक नव्हतं.)

खेळाच्या सामानाचं मोठं दुकान. वरच्या मजल्यावर प्लॅस्टिकचं हिरवंगार गवत अंथरलेलं आणि त्यावर तंबूंची एक वसाहतच उभी. मध्यभागी शेकोटी होती. खाली लाल बल्ब, त्याच्या शेजारी छोटा पंखा आणि वर फडफडणाऱ्या कागदी ज्वाळा. त्या शेकोटीची वायर उघडी आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं. त्या दुकानात मला जे काही समजलं, ते तेवढंच.

तिथला विक्रेता गळ्यात शिट्टी आणि अंगात असंख्य खिशांची पँट घालून उभा होता. आत्ताच कुठलंतरी शिखर उतरून आल्यासारखा दिसत होता. त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, की तंबू तीन ऋतूंचा हवा की चार ऋतूंचा. बायको म्हणाली, आम्ही शनिवार-रविवारच जातोय. मी मात्र जाणकाराच्या आवाजात चार म्हणालो. मग त्यानं कापडाचा नंबर विचारला. म्हणजे कापड किती पाऊस सोसतं, त्याचं काहीतरी हजारांमध्ये माप असतं म्हणे. मी सगळ्यात मोठा आकडा निवडला. त्यावर सासूबाईंनी शांतपणे विचारलं, की एवढा पाऊस पडला तर आपण तिथे थांबणार आहोत का.

विक्रेत्याला आपलं गिऱ्हाईक नेमकं कोण आहे, ते त्या क्षणी कळलं. तो माझ्याकडे पाठ करून सासूबाईंकडे वळला.

आधी त्यानं चार माणसांचा तंबू दाखवला. सासूबाई आत डोकावल्या आणि यात चार माणसं कशी मावणार, असं त्यांनी विचारलं.

"कुशीवर," तो म्हणाला.

"आणि कूस बदलायची झाली तर?"

"सगळ्यांनी एकदम बदलायची."

साडूंचा तंबू असलाच आहे हे आठवून मला फार बरं वाटलं.

मग सहाचा. केशरी रंगाचा, उंच, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या. मुलगी बघताक्षणी त्याच्यात शिरली आणि खिडकीतून आम्हाला हात करू लागली. बायकोला ओले बूट ठेवायला जागा हवी होती, तीही होती. सासूबाईंची परीक्षा वेगळीच. त्या आत जाऊन चक्क आडव्या झाल्या. त्यांना बघायचं होतं, की कुणाचाही हात न धरता उठता येतं का. उठता येत होतं. पण उठावंसं वाटेना. एका बाजूनं शेकोटीच्या पंख्याची झुळूक येत होती. त्यांनी बायकोलाही आत बोलावलं आणि मायलेकी पडल्या पडल्या गप्पा मारू लागल्या. मी बाहेर तिघींच्या सहा चपला राखत उभा होतो.

तेवढ्यात एक नवराबायको तिथे आली. त्यातल्या बाईंनी खिडकीच्या जाळीतून वाकून विचारलं, हवा खेळते का. झालं. सासूबाईंना एवढंच हवं होतं. हवा कशी खेळते, कापड कसं मऊ आहे, टाचेला खालची जमीन कशी टोचत नाही, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं, की त्या बाई स्वतः आत येऊन पडल्या. त्यांचे यजमान माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आता मी राखायच्या चपला आठ झाल्या.

थोड्या वेळानं सगळ्या बाहेर आल्या. मी ऐटीत विक्रेत्याला म्हणालो, हाच बांधा. तो म्हणाला, शेवटचा होता, या बाईंनी आत्ताच घेतला. आणि त्या बाई सासूबाईंचे आभार मानत होत्या.

सासूबाईंना याचं जराही वाईट वाटलं नाही. उलट, विक्रेत्यानं त्यांना नोकरीवर यायची विनंती केली त्याचंच त्या घरापर्यंत कौतुक सांगत होत्या. पण पंचाईत माझी होती. साडूंना सहा सांगून बसलो होतो, चारावर आलो असतो तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. विक्रेत्यानं माझा चेहरा वाचला असावा. तो हळूच म्हणाला, एक मोठा आहे, दोन खोल्या आणि पुढे पडवी. 'पडवी' म्हटल्यावर बायको विरघळली. आपल्या घराला नाही तर नाही, निदान तंबूला तरी असू दे, असं ती म्हणाली. तो तंबू उभा केलेला नव्हता, पिशवीत होता. पिशवी फार मोठी नव्हती. आमचा घात पिशवीनं केला.

शुक्रवारी संध्याकाळी मी ठरवलं, की तो एकदा घरी उभारून बघावा. तळ्यावर साडूंच्या देखत धडपडण्यापेक्षा हॉलमध्ये बायकोच्या देखत धडपडलेलं बरं, तिला सवय आहे. आम्ही सोफा स्वयंपाकघरात नेला, टेबल पलंगावर चढवलं आणि पिशवी उघडली. आतून इतकं कापड निघालं, की पिशवीच्या तळाला भोक असून ते खालच्या मजल्यावरून येतंय की काय, अशी मला शंका आली. काठ्यांच्या आत रबरी दोरी होती. एक घडी सोडली की बाकीच्या आपोआप टकाटक उघडायच्या. पहिल्या काठीनं पडद्याचा दांडा पाडला. दुसरीनं माझा चष्मा नेला. तिसरी सासूबाईंनी हातात घेतली आणि ती मात्र निमूटपणे उघडली.

सगळ्यांनी मिळून काठ्या कापडात ओवल्या, वाकवल्या, आणि तंबू उभा राहिला. म्हणजे काय उभा राहिला! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वर पंख्याला टेकेपर्यंत. हॉलमध्ये तंबू होता असं म्हणण्यापेक्षा तंबूला बाहेरून हॉल घातला होता. मुलगी आनंदानं किंचाळत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळत सुटली. बायको पडवीत जाऊन बसली. मी अभिमानानं कमरेवर हात ठेवले, तर कोपर भिंतीवर आपटलं.

मग उतरवायची वेळ आली. काठी काढायची तर ती कापडातून सरळ बाहेर ओढायची असते आणि चारही बाजूंना भिंती. मी इकडून ओढली, तिकडून ढकलली, आत शिरून वर दाबली. तंबू माझ्याकडे बघून नुसता थरथरायचा. शेवटी आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमचं बाहेरचं दार आत उघडतं आणि आत आता पडवी होती. दार वीतभर उघडायचं आणि कापडाला टेकायचं. बायको म्हणाली, आता हात लावू नका, सकाळी बघू. मी हात काढून घेतले. या घरात माझ्याकडून एवढीच अपेक्षा असते आणि ती मी पुरी करतो.

पण सकाळी आम्ही काही बघायच्या आतच साडू, मेहुणी आणि त्यांचा मुलगा आम्हाला न्यायला हजर. खाली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उभी. दार वीतभर उघडलं आणि फटीतून साडूंचा आवाज आला, की दाराला काय लावलंय. मी काही बोलायच्या आत मुलीनं पडवीची चेन उघडली आणि म्हणाली, "काका, खालून या."

दार आणखी थोडं ढकलून, पोट आत घेऊन, साडू आत आले. त्यांना माझ्या घरात गुडघ्यांवर चालत येताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तो क्षण मी अजून जपून ठेवलाय.

त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, कापड चिमटीत धरून पाहिलं. मग म्हणाले, यात काय अवघड आहे, खिडकी उघडा, काठ्या खिडकीतून बाहेर ओढून घेऊ. (खिडकी! मी रोज सकाळी ती उघडतो.) मी लगेच उठलो. पण कुणीच माझ्यामागे आलं नाही. मुलं आतल्या खोलीत उशांचा किल्ला रचत होती. मेहुणी सँडलचे पट्टे सोडून पाय पसरून बसली होती आणि सासूबाईंना म्हणत होती, की खरं सांगू का आई, इथेच राहू या.

"आणि तळं?" मी विचारलं.

"तळ्यावर तरी आम्ही कुठे तंबूत झोपतो," मेहुणी म्हणाली. "हे तंबू ठोकतात, फोटो काढतात, आणि अंधार पडला की आम्ही शेजारच्या लॉजवर जातो. यांना बेडकांची भीती वाटते."

साडूंचा उजवा पाय सतरंजीवर ब्रेक शोधत होता. आणि मग सासूबाई हसू लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. पाठोपाठ बायको, मेहुणी, मुलं. शेवटी साडू स्वतःच डोळे पुसत म्हणाले, की अहो, तुम्ही रात्री कधी बेडूक पाहिलाय का, तो बघतो कसा ते.

इतकी वर्षं मी त्या माणसाला टरकून होतो. त्या दिवशी प्रथमच तो मला आवडला.

तो शनिवार आमच्या घरातला सगळ्यात सुंदर दिवस होता. प्रवासासाठी बांधलेले डबे आम्ही पडवीत बसून खाल्ले. पत्ते झाले. सासूबाईंनी लेकींच्या लहानपणीच्या अशा काही गोष्टी सांगितल्या, की दोघी त्यांच्या तोंडावर हात ठेवायला धावल्या. दूधवाल्यानं बेल वाजवली तेव्हा मुलीनं चेनमधून पातेलं बाहेर काढलं. त्यानं चकार शब्द न काढता दूध ओतलं. साडूंनी मला टॉर्च कसा धरायचा हे शिकवलं आणि मी शिकलो.

झोपायच्या वेळी बायका आणि मुलं आतल्या बाजूला, साडू पडवीच्या तोंडाशी, आणि माझ्या वाट्याला जागा उरली ती पाय ठेवण्यापुरती. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, रानात कुणीतरी पहाऱ्याला लागतंच. मला ते पटलं. मी उशी काखोटीला मारून स्वयंपाकघरात सोफ्यावर गेलो आणि डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायचा निश्चय केला. आडवं पडून.

सकाळी मी चहाचा ट्रे घेऊन रांगत आत गेलो आणि सगळ्यांना झोप कशी लागली म्हणून विचारलं. मुलं डोळे विस्फारून एकदम बोलू लागली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अगदी खरंखुरं जंगल होतं. बाहेर रात्रभर एक जनावर गुरगुरत होतं. मधेच थांबायचं, दात खायचं, परत सुरू व्हायचं. दोघं घाबरून आजीला बिलगली होती. शेवटी काका शूरपणे टॉर्च घेऊन एकटे बाहेर गेले, स्वयंपाकघरात प्रकाश टाकला, नीट बघितलं आणि परत येऊन सगळ्यांना धीर दिला.

"काय सांगितलं काकांनी?" मी चहा ओतत विचारलं.

"म्हणाले, पाळीव आहे," मुलगी म्हणाली. "आणि आई म्हणाली, हो, काही करत नाही ते."