मच्छरदाणीला बाह्या

मास्तरांच्या रक्ताचा रिपोर्ट सकाळी नऊ वाजता आला आणि त्यात डेंग्यू निघाला. मास्तर म्हणजे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत ते स्वतः, त्यांची बायको, थोरली बहीण आक्का आणि आठवा महिना लागल्याने माहेरी आलेली त्यांची लेक. दोन दिवस ताप होता, हाडन्‌हाड ठणकत होतं, पण जीभ अजून शाबूत होती. रिपोर्ट ऐकल्यावर मास्तरांनी पहिला प्रश्न विचारला तो स्वतःबद्दल नव्हता.

"पोरीला काही होणार नाही ना?"

डॉक्टर फोनवर म्हणाले, "पाणी भरपूर प्या. मी दिलेलीच गोळी घ्या, दुसरी कुठली नाही. पोटात दुखलं किंवा कुठून रक्त आलं तर लगेच या. आणि घरात कुणालाही डास चावू देऊ नका. दिवसासुद्धा मच्छरदाणी वापरा." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, कारण त्यांच्या दारात असे आणखी चाळीस जण ताप घेऊन बसले होते.

"म्हणजे पोरीला मच्छरदाणीत बसवायचं," आक्का म्हणाल्या.

"वन्सं, पेशंट कोण आहे? हे. मग मच्छरदाणीत हेच जाणार," बायको म्हणाली.

"अगं, त्याला जो डास चावायचा तो चावून गेला. आता त्याचं आणखी काय व्हायचंय? जिला व्हायला नको तिला आत ठेव."

"पण यांना चावलेला डास आपल्याला चावेल त्याचं काय?"

"मग आपणही आत बसू. तिघी मावू."

"आणि हे?"

"तो बाहेर."

"म्हणजे गावातल्या सगळ्या डासांना चावायला हे एकटेच उरले!"

"बरोबर. आपल्याला एकही चावणार नाही."

यात काहीतरी चुकत होतं, पण नेमकं काय ते बायकोला सांगता येईना. शेवटी मास्तरांनीच निकाल दिला. आत ते स्वतः जातील, लेक मागच्या खोलीत दार लावून बसेल, आणि ते दार कुणीही उगाच उघडणार नाही. लेक काहीतरी सांगायला तोंड उघडत होती, पण तिला दंडाला धरून आत नेण्यात आलं.

आता प्रश्न मच्छरदाणीचा. जवळच्या दोन्ही दुकानांतल्या मच्छरदाण्या आठवड्यापूर्वीच संपल्या होत्या. पण शिंप्याच्या घरात कापडाला काय तोटा? शाळेतल्या नाटकात सात पऱ्या होत्या. त्यांच्या झग्यांचं गुलाबी जाळीचं कापड उरलं होतं. मास्तर शर्ट-पँट-कोट शिवत आणि बायको ब्लाउज-झगे. त्यामुळे हे कापड तिच्या अखत्यारीतलं. मशीनवर वकीलसाहेबांचा काळा कोट अर्धवट पडला होता. तो तिने बाजूला सारला आणि अर्ध्या तासात मच्छरदाणी शिवून काढली. चार कोपऱ्यांना चार नाड्या, चार खिळे, आणि मधे मास्तर.

"गुलाबी आहे," मास्तर म्हणाले.

"डासाला रंग कळत नाही. झोपा."

अकरा वाजता आतून आवाज आला. "कुणी हलू नका. आत एक आहे."

बायको आणि आक्का धावत आल्या. मास्तरांचा चष्मा बाहेर मशीनवर राहिला होता, त्यामुळे त्यांना जाळीच्या छताच्या कोपऱ्यात एक काळं काहीतरी तेवढं दिसत होतं. बायकोने बाहेरून नाक लावून पाहिलं. बारीक, काळं आणि त्यावर पांढरे पट्टे.

"पट्टेवाला आहे हो!" ती ओरडली. "डेंग्यूवाला तोच."

"मग मी वर करते कापड, तू मार," आक्का पुढे सरसावल्या.

"हात लावू नका!" मास्तर आतून ओरडले. "तो मला चावलाय की नाही हे माहीत नाही. चावला असला आणि बाहेर सुटला तर सरळ पोरीकडे जाईल!"

पोरीचं नाव निघताच आक्कांनी हात मागे घेतला. बायकोने पायातली चप्पल काढून बाहेरून जाळीवर एक फटका हाणला. जाळी हेलकावली, एक नाडी सुटली, मास्तरांच्या डोक्यावर छत आलं आणि काळा ठिपका गायब झाला.

"उडाला!" आक्का म्हणाल्या.

दहा मिनिटांनी तो पायथ्याशी सापडला. मास्तरांनी आतून टाळी वाजवली, तर दिसेनासा झाला आणि पुन्हा उजव्या भिंतीवर प्रकटला. तापाने मास्तरांची टाळी बसायची तिथे बसत नव्हती. हा डास भलताच बेरकी आहे यावर तिघांचं एकमत झालं. त्या दिवसातलं ते पहिलं एकमत.

"खालून फट आहे," मास्तर म्हणाले. "गादीखाली नुसतं खोचलंय. तिथून निसटेल. चादरीलाच शिवून टाक."

"कच्चा टाका घालू?"

"पक्का घाल. पोरीचा प्रश्न आहे."

बायकोने पलंगाभोवती चारही बाजूंनी बसून मच्छरदाणी चादरीला शिवून टाकली. मास्तर आणि डास आता एका पिशवीत होते. आक्कांनी मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन आवाज दिला, "पोरी, बाहेर येऊ नकोस गं!" आतून उत्तर आलं नाही. "झोपली वाटतं. बरंच झालं," असं म्हणून त्या दारासमोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या.

मग बायकोला आठवलं, की डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलंय.

"काज कर," मास्तरांनी आतून हुकूम सोडला. "अर्धा इंच. नळी जाईल एवढंच."

काज झालं. त्यावर झाकायला पट्टी आली, पट्टीला बटण आलं. मास्तरांनी आतून बोट फिरवून कडा तपासल्या आणि एक टाका सैल आहे म्हणून परत घालायला लावला. त्या काजातून नळी गेली, गोळी गेली, दर दहा मिनिटांनी पेलाभर पाणी गेलं. आक्का प्रत्येक पेल्यानंतर घड्याळ बघून समाधानाने मान डोलवत होत्या. साडेबारापर्यंत पाच पेले झाले.

पाऊण वाजता मास्तर हळूच म्हणाले, "अगं, ऐकतेस का?"

"काय?"

"मला जायचंय."

"कुठे?"

"कुठे काय विचारतेस! पाच पेले पाणी पाजलंस ना?"

पाण्याचा एवढा पुढचा विचार कुणी केलाच नव्हता. उसवावं तर डास सुटतो. न उसवावं तर चादर जाते. आक्का म्हणाल्या, बादली द्या. बादली काजातून जाईना. मास्तर म्हणाले, लवकर काय ते ठरवा.

आणि मग बायकोतला कारागीर जागा झाला. उरलेल्या नाड्या सोडल्या. मास्तरांना पिशवीसकट उभं केलं. चादरीचे दोन भाग करून पायाला बांधले, घोट्याशी इलॅस्टिक घातलं. चालताना तोल सावरायला हात मोकळे हवेत, म्हणून बाह्या हव्या होत्या. जाळी आधी कापली तर भोक पडणार, म्हणून तिने बाह्या बाहेरून जोडल्या, त्यांची टोकं मनगटाशी आवळली आणि मग काजातून दोरा कापायची छोटी कात्री आत सरकवली. मास्तरांनी आतून मुंढे, म्हणजे बाह्यांची तोंडं, कापले आणि हात बाह्यांत घातले. पुढच्या सोयीबद्दल नवरा-बायकोत जे मतभेद झाले ते इथे सांगण्यासारखे नाहीत. मास्तर म्हणाले, हे जेंट्सचं काम आहे, तुला कळणार नाही. शेवटी चेन बसवली, एवढं खरं.

मग वरात निघाली. पुढे आक्का, मधे गुलाबी झग्यातले मास्तर, मागे चष्मा लावून डासावर नजर ठेवणारी बायको.

"कुठे आहे?"

"खांद्यावर. तिथेच बसलाय. पोट भरलंय त्याचं."

"चेन उघडतोय. हलला तर ओरड."

हे सगळं सुखरूप पार पडलं. दुसऱ्यांदाही पार पडलं. तिसऱ्या खेपेला तर मास्तर भिंतीच्या आधाराने एकटेच गेले आणि परत येताना दुकानाच्या आरशात त्यांनी स्वतःला पाहिलं. "डावा मुंढा ओढतोय," ते म्हणाले. बायकोने तोही सैल करून दिला. मागच्या खोलीचं दार अजून बंदच होतं. आक्का दर तासाला हाक मारत होत्या आणि पोर किती शहाण्यासारखी झोपलीय याचं कौतुक करत होत्या.

तीन वाजता वकीलसाहेब कोटाच्या ट्रायलला आले. दुसऱ्या दिवशी मोठ्या कोर्टात त्यांची केस होती, आणि कोटाला एकच बाही होती. ते दुकानात शिरले तर समोर मास्तर, पायाच्या घोट्यापासून डोक्यापर्यंत गुलाबी जाळीत, हातात टेप घेऊन उभे.

"मास्तर," वकीलसाहेब जरा थांबून म्हणाले, "नाटकात तुम्हीही आहात का?"

"जवळ येऊ नका, साहेब. आत डास आहे."

"डास आत का आहे?"

"बाहेर येऊ नये म्हणून."

वकीलसाहेबांनी खुर्ची ओढली. आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारून त्यांनी पोट भरलं होतं, पण कुठला प्रश्न आधी विचारावा हे त्यांना इथे समजेना. बायकोने सकाळपासूनचं सगळं सांगितलं. आक्कांनी मधे मधे दुरुस्त्या केल्या, त्यामुळे ते दुप्पट लांबलं.

"वहिनी, तुम्ही याला उडताना पाहिलंत?"

"पाहिलं की. इथून तिथे गेला."

"जाताना पाहिलंत, की आधी इथे पाहिलंत आणि मग तिथे पाहिलंत?"

बायको गोंधळली. "म्हणजे... तेच ना?"

"आक्का, तुम्ही आवाज ऐकलात? गुणगुण वगैरे?"

"मला एका कानाने कमी येतं. त्या बाजूला गुणगुणला असेल."

"मास्तर, चावल्याचं जाणवलं?"

"साहेब, अंग एवढं दुखतंय की मला सापही चावला तर कळणार नाही."

वकीलसाहेब उठले. त्यांनी आपला चष्मा पुसला, वाकून मास्तरांच्या खांद्याकडे पाहिलं, मग मशीनशेजारच्या आपल्या कोटाकडे पाहिलं, मग पुन्हा खांद्याकडे. काज खांद्यापाशी ओढून त्यांनी छोट्या कात्रीचं टोक आत घातलं. बायकोने डोळे मिटून घेतले. टोक बाहेर आलं तेव्हा त्यात काळ्या दोऱ्याचा तुकडा होता आणि त्याला कच्च्या टाक्यांचा पांढरा धागा दोन ठिकाणी गुंडाळला होता.

"हा माझ्या कोटाचा आहे," वकीलसाहेब म्हणाले. "तुम्ही मच्छरदाणी त्याच मशीनवर शिवलीत ना?"

चाळीस वर्षं दोऱ्यात काढलेल्या माणसाने दिवसभर दोऱ्याला घाबरून चेन लावून घेतली होती. मास्तरांना लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. डास नव्हताच; म्हणजे पोरीला धोका नव्हता. आनंदाच्या भरात त्यांनी दोन्ही हातांनी गळ्याशी धरलं आणि चर्र करून खालपर्यंत फाडत नेलं. बाह्या एकीकडे गेल्या, पाय दुसरीकडे. बायकोने कात्रीने उरलेलं कापून त्यांना मोकळं केलं.

"पोरीला उठवा," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "सांगा तिला, काही नाही म्हणावं. खिडकीतूनच तोंड बघू दे मला तिचं."

आक्कांनी खुर्ची सरकवली आणि दार उघडलं. खोली रिकामी होती. पलंग आवरलेला होता आणि मागचं दार बाहेरून ओढून घेतलेलं होतं.

तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात फोन वाजला. लेकीचाच होता.

"आई, मी पोचले गं केव्हाच. जेवून झोपले पण."

"कुठे पोचलीस?"

"माझ्या घरी! डॉक्टरांनीच कालच्या तपासणीत सांगितलं, बाबांचा ताप जाईपर्यंत तिकडे राहा म्हणून. सकाळपासून तेच सांगत होते तुम्हाला. मग मागच्या दाराबाहेर वाट बघत उभी राहिले आणि हे रिक्षा घेऊन आले. जाताना मी खिडकीतून दोनदा ओरडले. तुम्ही सगळे कसलं तरी काज करत होतात. बाबा म्हणाले, अर्धा इंच."

मास्तरांनी फोन हातात घेतला. "बरी आहेस ना?"

"बरी आहे हो बाबा. फक्त..." लेक जरा अडखळली. "इथे खालच्या मजल्यावर डास खूप आहेत. यांनी चार दुकानं पालथी घातली, मच्छरदाणी कुठेच मिळेना. तुमच्याकडे एखादी असेल का?"

मास्तरांनी जमिनीकडे पाहिलं. दोन बाह्या, एक चेन, चार नाड्या आणि मधोमध उभी चिरलेली गुलाबी जाळी.

"आहे," ते म्हणाले. "संध्याकाळी जावईबापूंना पाठव."

फोन ठेवून ते मशीनकडे निघाले, पण दोन पावलांत त्यांना घेरी आली. वकीलसाहेबांनी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं आणि कोटाचं बघू, माझा जुना आहे, असं म्हणाले. आक्का वर्तमानपत्राची घडी घेऊन भावाभोवती वारा घालू लागल्या. आता खरा डास आला तर त्याला त्याच आडव्या येणार होत्या. बायको मशीनवर बसली. मुंढे बंद केले, काज शिवून टाकलं, चीर जोडायला घेतली.

"ऐक," मास्तर खुर्चीतून म्हणाले.

"आता काय?"

"पोटापाशी चार इंच ढील ठेव."

"अहो, मच्छरदाणी आहे ती. अंगात घालायची नाहीये तिला."

"तरी ठेव."

बायकोने मशीन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं, टेप उचलली आणि चार इंच ढील मोजून घेतली.