सत्ताविसाव्या पानावरील निशाणीची हकीकत

श्रीशारदेचे चरणी, आणि अक्षर जोडणाऱ्या समस्त हातांस, मग ते हात सोन्याची लेखणी धरणारे असोत की छापखान्यात खिळे जुळवून काळवंडलेले असोत, सारखाच दंडवत करोन ही हकीकत लिहिली जाते. शके अठराशे बासष्ट, विक्रम नाम संवत्सर, आषाढ मासी एका संस्थानात वर्तमान घडले. संस्थानाचे नाव लिहिणाऱ्यास ठाऊक आहे, परंतु नाव लिहिले असता तेथील लोक भांडावयास येतात, सबब लिहीत नाही.

ते संस्थानी एक सरकारी पुस्तकशाळा होती. तीस दोन महाल. थोरल्या महाली तत्त्वज्ञान, महाकाव्ये आणि बिदाग्या मिळालेले ग्रंथ काचेच्या कपाटांत विराजत, आणि त्यांची निद्रा कोणी मोडीत नसे. मागील अंगास धाकटा महाल, तेथे मात्र रयतेची रीघ. त्या महाली पाच सुभे होते. पहिला सुभा रहस्याचा: तेथे रोज एक खून पडे आणि शेवटल्या पानी न्याय होई, ऐसा बंदोबस्त सरकारच्या फौजदारीतही नव्हता. दुसरा भुताखेतांचा. तिसरा प्रेमाचा: तेथे नायकनायिका पहिल्या भेटीत भांडत आणि मग समेटास दोनशे पाने लागत. चौथा भविष्याचा, जेथील माणसे चंद्रावर जाऊन येत. पाचवा शिकारीचा आणि समुद्रातील साहसांचा. या सुभ्यांचे ग्रंथकार दरबारी कधी आले नाहीत, त्यांस शालजोडी कोणी दिली नाही. एक होता तो दिवसभर टपालखान्यात शिक्के मारी आणि घरी येऊन खून पाडी, ऐशी त्याने चाळीस पुस्तके लिहिली. परंतु थोरल्या महाली त्याचे नाव काढले तर पंडित नाक मुरडीत.

धाकट्या महालाची कारभारीण म्हाळसाबाई तांबट. वय साठीचे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, जिभेस धार आणि पोटात माया. तिच्या महालात एक रीत पडली होती ती ऐशी. वाचलेलेच पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणोन प्रत्येक वाचणारा एक पान आपले ठरवी, आणि पुस्तक पुरे झाले की त्या पानाच्या कोपऱ्यात आपली खूण करी. कोणी आकड्याखाली रेघ ओढी, कोणी वर्तुळ काढी; दरबाराचे देवडीवरील हवालदार येसाजी घोरपडे पन्नासाव्या पानास टाचणीने भोक पाडीत. आणि मग काय जाहले, की लोक आपलीच नव्हे तर दुसऱ्याचीही खूण पाहू लागले. ज्याची आवड आपल्याशी जुळते त्याची निशाणी जेथे दिसेल ते पुस्तक न्यावे, आणि त्या निशाणीचे बोट धरून खुनातून भुतांत आणि भुतांतून चंद्रावर जावे. परंतु कोणती खूण कोणाची, हे कोणी कोणास विचारू नये, आणि म्हाळसाबाईने तर मरेतो सांगू नये, ऐसा तेथील दंडक.

ऐसे चालले असता हुजुरांचे मनात आले की राज्यारोहणास पंचवीस वर्षे होतात, तर विजयादशमीस पूर्वजांच्या तसबिरींचा एक महाल उघडावा. आणि दिवाणांनी बोट दाखविले ते धाकट्या महालाकडे. आज्ञा जाहली की तेथील पुस्तके तपासोन निर्मळ असतील ती ठेवावी, आणि ज्यांवर शाई, शिसे वा डाग पडला असेल ती खराब समजोन कागदाच्या कारखान्यात लगद्यास द्यावी. तपासणीस कोण नेमावा, तर अंताजीपंत मोघे नेमिले. पंत संस्थानच्या शाळेतून निवृत्त झालेले, संस्कृताचे गाढे, आणि आयुष्यात कादंबरी हाती न धरल्याचा त्यांस मोठा अभिमान. घरी एकटेच. पत्नी द्वारकाबाई दोन वर्षांमागे वारल्या होत्या, त्यांच्याविषयी कोणी विचारिले तर पंत म्हणत, "साधी होती. व्रताच्या कहाण्यांपलीकडे तिला काही लागत नसे."

पंत पहिल्या दिवशी आले तेव्हा म्हाळसाबाईने त्यांस खालपासोन वरपर्यंत न्याहाळिले आणि बोलली, "पंत, घरी शिवलेले सदरे घालीत न्हाई का आता?" पंतांस हा आगाऊपणा वाटला. ते आसनावर बैसले, आणि यादीस आरंभ केला. आणि पुस्तक उघडावे तो खूण, दुसरे उघडावे तो खूण. पंत संतापोन गेले. "बाई, ही काय रानटी माणसे म्हणायची! सरकारी पुस्तकावर रेघोट्या ओढतात आणि तुम्ही बघत बसता?" बाई म्हणाली, "रेघोट्या न्हाईत त्या, पंत. पावती हाय. पोचल्याची." पंतांस ते कळले नाही. त्यांनी लिहिले: डागी, लगद्यास द्यावे. आणि आज्ञेचा अर्थ अक्षरशः लाविता ऐसे होऊ लागले की जे पुस्तक कोणीच वाचिले नाही ते निर्मळ ठरे, आणि ज्यास चाळीस घरी मान मिळाला ते पोत्यात जाई. हा उलटा न्याय पंडितासच सुचावा, कुणब्यास सुचणार नाही.

परंतु नियमाने पान न् पान पाहणे प्राप्त, आणि पान पाहता डोळा ओळीवर अडखळतोच. चौथे दिवशी पंत एका खुनाच्या पुस्तकात शिरले ते दिवेलागणीस बाहेर आले. मग मनाशी म्हणाले की निंदा करावयाची तर माहिती पाहिजे, आणि दुसरे घेतले. या दुसऱ्याचे सत्ताविसाव्या पानी एक निशाणी होती: तीन उभ्या रेघा, खाली एक आडवी. पहिल्यातही हीच होती हे त्यांस आठवले. मग तिसरे पुस्तक त्यांनी ती निशाणी पाहूनच उचलिले, आणि ते उत्तम निघाले. तेव्हापासोन पंत त्या निशाणीचे मागे चालू लागले. ती त्यांस भुतांच्या सुभ्यात घेऊन गेली, जेथे एक भूत कोणास भिववीत नसे, केवळ आपली विसरलेली चप्पल शोधीत असे, आणि पंतांचे डोळे भरोन आले. ती त्यांस चंद्रावर घेऊन गेली. शिकारीच्या सुभ्यात ती फार थोडी दिसे. पंत म्हणाले, बरोबर आहे, या माणसास जनावर मेलेले सोसत नाही. प्रेमाच्या सुभ्याशी मात्र पंत थांबले. लाज वाटली. दारे लोटोन मग ते तेथेही गेले.

आणि एके दिवशी म्हाळसाबाईस सांगते जाहले, "बाई, हा भुतांचा ग्रंथकार आणि ही प्रेमकथा लिहिणारी कोण सौभाग्यवती, हे दोघे एकच आहेत. दोन्हींकडे माणसे दुःखात असली की थालीपीठ लावतात, आणि दोन्हींकडे ते करपते." बाई हसली. "त्या तीन रेघांच्या माणसानं धा वर्सांमागंच मला सांगितलं हे." "कोण तो?" पंत उतावळे झाले. "मला भेटवा. माझ्या वयाचा असेल. बुद्धिमान आहे, आणि मनाने हळवा आहे. असा स्नेही मला जन्मात मिळाला नाही." बाईचे हसू गेले. बोलली, "खुणेचं नाव सांगत न्हाई मी. एक नाव फुटलं की उद्या कुणी खूण करनार न्हाई." पंतांनी बहुत आर्जवे केली, बाई हलली नाही.

आता येथे पंतांचा मोठा दोष लिहिणे प्राप्त आहे. ते पुस्तके प्रेमाने वाचीत, आणि वाचून होताच यादीत लिहीत: सत्ताविसावे पान, शिसे, पृष्ठभागास हळदीचा डाग, हिंगाचा वास, लगद्यास द्यावे. आज्ञा ती आज्ञा, ऐसे त्यांस चाळीस वर्षांच्या नोकरीने शिकविले होते. मनास वाईट वाटे, हात लिहीत जाई. भाद्रपद वद्य अष्टमीस यादी पुरी जाहली, सही जाहली, पोती शिवली, आणि दुसरे दिवशी दोन गाड्या ठरल्या.

दुसरा दिवस अविधवा नवमीचा, द्वारकाबाईंच्या श्राद्धाचा. शेजारची सवाष्ण जेवावयास सांगितली होती, तीस खण देणे, म्हणोन पंतांनी पत्नीची पेटी दोन वर्षांत प्रथमच उघडिली. खणांचे खाली त्यांचा स्वतःचा एक जुना सदरा घडी करोन ठेविला होता. पंतांनी तो उचलिला. परटाकडे कपडे बदलू नयेत म्हणोन द्वारकाबाई सदऱ्याच्या गळपट्टीस आतील अंगास लाल दोऱ्याने घराची खूण घालीत असत. पंत ते सदरे वर्षानुवर्षे ल्याले, गळपट्टी उलटोन कधी पाहिली नव्हती. आज उलटली. तीन टाके उभे, खाली एक आडवा.

पंत सदरा मांडीवर घेऊन बैसले. मग एकेक आठवू लागले. ती दर गुरुवारी भाजीस जाई आणि भाजी थोडीच आणी. डाळीचा डबा ती दुसऱ्या कोणास उघडू देत नसे. एकदा ऐन दुपारी चुलीपाशी ती एकटीच रडत होती, आणि यांनी विचारिले तेव्हा म्हणाली, धूर गेला डोळ्यांत. चूल तर विझलेली होती. पंतांस हे तेव्हाही दिसले होते, आणि त्यांनी पुढे विचारिले नव्हते. ज्या स्नेह्यास भेटावयास ते तळमळत होते तो एकोणतीस वर्षे त्यांच्या पानात वाढीत होता.

सवाष्णीस तसेच बसवोन पंत सोवळ्यानिशी, उघड्या अंगाने, रस्त्याने धावत निघाले आणि लोकांनी तोंडात बोटे घातली. पुस्तकशाळेशी आले तो पहिली गाडी सकाळीच गेलेली. प्रेमाचा सुभा सगळा आणि भुतांचा अर्धा तीत गेला. दुसरी जुंपोन उभी. पंतांनी जू धरिले आणि गाडीवानास म्हणाले, "बैल सोड." गाडीवान म्हणाला, "सरकारी हुकूम हाय, म्हाराज." "हुकूम माझ्या सहीचा आहे. सोड." मग एक पोते उसवोन त्यातील तीन रेघांचे एक पुस्तक काढिले, म्हाळसाबाईने आपली शाल त्यांच्या अंगावर घातली, आणि पंत तसेच दरबारी दाखल जाहले.

हुजूर चकित होऊन बोलिले, "पंत, यादी तुमची, सही तुमची. आता काय म्हणता?" पंत म्हणाले, "सरकार, यादी चुकली. मी ज्यास डाग म्हटले ते डाग नव्हेत. आपल्या दफ्तरी जुने महजर आहेत. गावचा तंटा पडला की दहा जण बसत, साक्ष देत, आणि ज्यास लिहिता येत नसे तो कागदाखाली आपली निशाणी करी: कुणबी नांगर काढी, बाई बांगडी काढी. ज्या कागदावर रयतेची निशाणी आहे तो नष्ट करू नये, हा या गादीचाच कायदा. हे प्रत्येक पुस्तक महजर आहे. मी हे वाचिले आणि मला हे पोचले, ऐशी यावर साक्ष आहे." दिवाण हसोन म्हणाले, "महजरात निशाणीपुढे नाव असते, पंत. ही कोणाची?" आणि त्यांनी यादीत पाहोन पुस्तकाचे सत्ताविसावे पान उघडोन वर धरिले.

पंतांपुढे पेच पडला. दंडक नाव न सांगण्याचा, आणि सांगावे तर भर दरबारी आपलीच फजिती. मग म्हणाले, "दुसऱ्यांची मी सांगणार नाही. ही माझ्या घरची. द्वारका तिचे नाव. तिने हे सर्व डाळीच्या डब्यात लपवून वाचले, कारण लग्नाच्या पहिल्या वर्षी मी बोलिलो होतो की असली पुस्तके वाचणारी बाई मला घरात नको. ती राहिली, आणि वाचतही राहिली. मला तेवढे ठाऊक नव्हते." दोघेचौघे हसू लागले. तोच देवडीवरील येसाजी हवालदार, ज्यांस दरबारी बोलण्याचा अधिकार नाही, पुढे आले आणि मुजरा करोन बोलिले, "सरकार, पन्नासाव्या पानावरलं टाचणीचं भोक माझं. आन त्या तीन रेघांच्या मागं मी बारा वर्सं चाललोय. आज कळलं कुणाच्या."  मग हसणारे गप्प जाहले. हुजुरांनी पुस्तक मागोन घेतले, काही पाने उलटिली, एका पानी थबकले, काय पाहिले ते कोणास कळले नाही, आणि आज्ञा केली की धाकटा महाल जैसा होता तैसा ठेवावा, तसबिरी थोरल्या महाली लावाव्या. तेथे कोणास अडचण होणार नाही. आणि तशी ती कोणास झालीही नाही.

गेलेल्या गाडीचा शोध केला, परंतु कारखान्याने हौदात पुस्तके ओतली होती. पंतांचे यादीवरून पाहता द्वारकाबाईंच्या निशाणीची एकेचाळीस त्यात गेली. ही यादी पंतांनी आपल्या हाताने लिहिलेली, म्हणोन ती त्यांनी फाडली नाही, जपोन ठेविली.

मग म्हाळसाबाईने आपल्या मेजाच्या खणातून एक पुस्तक काढोन पंतांपुढे ठेविले. "तुमच्या मोलकरणीनं आनून दिलं हुतं, तेरावं झाल्यावर. डाळीच्या डब्यात घावलं म्हनाली. मी कुणाला दिलं न्हाई." पुस्तक खुनाचे होते. एकशे बाराव्या पानी लाल दोऱ्याचा तुकडा घातलेला, आणि सत्ताविसावे पान कोरे. पंतांनी ते घरी नेले, आणि तीन दुपारी चुलीपाशी बसोन, एकशे तेराव्या पानापासोन शेवटपर्यंत, मोठ्याने वाचिले. खुनी कोण ते त्यांस ओळखता आले नाही. तिने ओळखिले असते. मग शिसपेन्सिल घेऊन सत्ताविसाव्या पानी तीन रेघा उभ्या आणि एक आडवी काढिली. आपली खूण केली नाही.

येणेप्रमाणे घडले ते लिहिले. पंडितांची नावे दफ्तरी आहेत, वाचणाऱ्यांची नाहीत, म्हणोन ही हकीकत लिहिण्याचे कारण. म्हाळसाबाई पुढे सहा वर्षे कारभारात होती, पंत दर गुरुवारी पुस्तक बदलावयास येत, आणि जाताना थोडी भाजी नेत. लिहिणाऱ्याची निशाणी शेवटल्या पानी आहे. कोणाची, ते विचारू नये.