घरमालक नापास करणारे सत्तारभाई

जगात घरमालक भाडेकरूची चौकशी करतो. अहेरीत सत्तारभाई घरमालकाची करत. धंदा त्यांचा घड्याळदुरुस्तीचा. हे जादा खातं त्यांच्याकडे कुणी सोपवलं होतं, देव जाणे.

सत्त्याण्णव साली माझी तिथल्या कचेरीत बदली झाली. पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन बायको पंधरा दिवसांत येणार होती आणि मी लॉजवर ढेकूण मारत होतो. जो तो म्हणे, "सत्तारभाईले भेटा."

भेटलो आणि फसलो. पहिलं घर झकास होतं. सत्तारभाईंनी भरदुपारी मालकाकडे प्यायला पाणी मागितलं आणि बाहेर येऊन निकाल दिला. "फेल! गिलास देल्ला अन् उभाच राह्यला. हा जाते कदी, हेच पाहून राह्यला होता."

दुसऱ्याच्या अंगणात मोहफुलं वाळत होती. "फेल! मोहावर अस्वल येते, बाबू. अस्वल काय मालक कोन अन् किरायेदार कोन, इचारून धरते?"

तिसरा मालक गावात नवीन, दामदुप्पट करून देणारा फायनान्सवाला. अख्ख्या अहेरीत टाय लावणारा तेवढाच एक. त्याच्या ऑफिसात सत्तारभाई नुसत्या भिंती पाहत फिरले. "फेल! भितीले एक खिळा नाई. कॅलेंडर टेबलावर पडून हाय. याले राहाचंच नाई इथी." मी खो-खो हसलो. पुढे दिवाळीआधी तो टायसकट पसार झाला, तेव्हा माझं हसू जिरलं.

बायको यायला दोन दिवस उरले तोवर सात मालक नापास झाले होते. माझी सटकली. सत्तारभाईंच्या घरामागे एक खोली रिकामी आहे, हे मला कळलं होतं. तडक दुकानात गेलो.

"गावाची परीक्षा घेता, तुमची खोली का देत नाही?"

"तिचा मालक फेल हाय."

"कोणी केला?"

"मीच." त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. "तुमची बाई गावात नवी, पोरगी तान्ही. हाक माराले घरात बाईमानूस पायजे. आमची घरवाली होती तवर किरायेदार जाताना रडत. दोन वर्स झाले तिले जाऊन. मले तर लेकरू धरता बी येत नाई."

मला स्वतःची लाज वाटली. पण दुसरं घर नव्हतंच. तिसऱ्या दिवशी बायकोला स्टँडवरून सरळ त्यांच्याच दारात आणलं. सत्तारभाई काही बोलायच्या आत तिने मुलगी त्यांच्या हातात दिली आणि सामान उतरवायला वळली. भाई ताठ उभे. श्वाससुद्धा बेतानं. मुलीने त्यांची दाढी मुठीत धरली.

सामान उतरलं. बायकोने मुलीला घ्यायला हात पुढे केले. सत्तारभाई एक पाऊल मागे सरले.

"बाबू," ते मला म्हणाले, "किल्ली माह्या खिशात हाय. सकाळपासून हाय. तुमीच काढून घ्या. मी पोरीले सोडत नाई."