एकतीस नोव्हेंबरची चिठ्ठी

"त्या यंत्राला आठ दिवसांत घरी बसवतो की नाही, बघाच!" असं गहिनीनाथांनी कँटीनमध्ये चारचौघांत सांगून टाकलं आणि वर स्वतःच सगळ्यांना चहा पाजला. साल एकाहत्तर, महिना नोव्हेंबर.

गहिनीनाथ हे श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात ऊसतोडीच्या चिठ्ठ्या लिहीत. उद्या कुठल्या टोळीनं कुणाच्या रानातला किती ऊस तोडून आणायचा, ते चिठ्ठीवर ठरे. बारा वर्षांत त्यांचा एक काना चुकला नव्हता. हे ते स्वतःच सांगत, आणि दिवसातून दोनदा सांगत. "माझं एक अक्षर हललं तर सगळा कारखाना उपाशी बसेल," हेही सांगत.

पुढच्या हंगामापासून मात्र चिठ्ठ्या पुण्यातला कॉम्प्युटर करणार होता. शेतकी अधिकारी काकासाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

"गहिनीनाथ, आधी मशीनची परीक्षा घ्यायचीय. मुद्दाम चुकीच्या शंभर चिठ्ठ्या तयार करा. मशीननं चुका धरल्या, तर तुमची बदली बारदानाच्या गोदामात."

त्या गोदामात आधीचा कारकून सहा वर्षं नुसता शिंकत होता. गहिनीनाथांची झोप उडाली. यंत्राला सापडणार नाहीत अशा चुका काढायच्या! पण बारा वर्षांची सवय, हात चुकायला तयारच होईना. पहिल्या दिवशी एकही चूक जमली नाही.

"घरात तर रोज करता की," त्यांची बायको बनुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना सूर सापडला. उद्याच्याच शंभर चिठ्ठ्या घेऊन त्यांनी त्यांच्या हुबेहूब नकला केल्या आणि प्रत्येकीत एकेक चूक दडवली. एकीत ऊस लावायच्या आधीच तोडायची तारीख. एकीत दोन माणसांनी एका दिवसात चाळीस एकर. एकीत रानाऐवजी थेट काकासाहेबांच्या बंगल्याचा गट नंबर. आणि एक्केचाळीस नंबरच्या, साळूबाईच्या टोळीच्या चिठ्ठीत तारीख घातली एकतीस नोव्हेंबर. त्या चिठ्ठीवर त्यांचा विशेष जीव होता.

चुकीच्या चिठ्ठ्यांना लाल दोरा, त्या पुण्याला. खऱ्यांना पांढरा, त्या टोळ्यांना. पण जिवाला चैन कुठली? गहिनीनाथांनी दोन्ही गठ्ठे तीनदा सोडले, तीनदा बांधले. मग एक गठ्ठा एसटीनं पुण्याला गेला, दुसरा गावोगाव.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून फोन आला.

"तुमच्या शंभरही चिठ्ठ्या मशीननं बरोबर ठरवल्या. एकही चूक सापडली नाही."

"एकही नाही?" गहिनीनाथ खुर्चीतून उठलेच. "काकासाहेबांच्या बंगल्याची?"

"बंगला? बंगला कुठेय? एक्केचाळीस नंबर वाचू का? साळूबाई, दोन गुंठे, एकोणतीस नोव्हेंबर."

गहिनीनाथ जसे उठले तसे खाली बसले. हा तर खरा गठ्ठा! म्हणजे चुकांचा गठ्ठा टोळ्यांकडे, आणि आज एकोणतीस तारीख. आता कारखाना उपाशी बसणार, काकासाहेबांच्या बागेत कोयते चालणार आणि आपण बारदानात! ते सायकल काढून वजनकाट्याकडे सुटले.

काट्यावर रोजच्यासारख्या उसानं भरलेल्या बैलगाड्या उभ्या होत्या. ज्यांचा यायला हवा, त्यांचाच ऊस. पाथर्डीकडचा मुकादम सहादेव बैलांना पाणी दाखवत होता.

"सहादेव, चिठ्ठी कुठेय?"

"ही काय, हाय की."

"अहो, पण वर काय लिहिलंय?"

"ते तुमचं तुमी बगा, भाऊसाहेब. रंगुबाईच्या उसाला तुरा आलाय, तिनं बांधावरनं हाळी दिली, आमी गेलो."

"मग चिठ्ठी घेता कशाला?"

"काट्यावर शिक्का मारायला कायतरी पायजे न्हवं?"

काट्यावरचा कारकून गाड्यांकडे बघत शिक्के मारत होता. चिठ्ठीकडे त्याचं लक्षही नव्हतं. गहिनीनाथ वाचले होते, पण त्यांना रडू येत होतं. बारा वर्षं, आणि एकानंही वाचलं नाही?

त्यांनी गाड्या मोजल्या. नव्व्याण्णव. एक आलीच नव्हती. एक्केचाळीस नंबर, साळूबाई!

गहिनीनाथांच्या अंगात बळ आलं. जगात एकीनं तरी चिठ्ठी वाचली, तारीख बघितली आणि गाडी थांबवली. तिची पाय धरून माफी मागावी असं त्यांना वाटलं. तीन मैल सायकल हाणत ते रानात पोचले. साळूबाई बांधावर बसली होती, शेजारी भरलेली गाडी.

"साळूबाई, चुकलो मी. तुम्ही वाचलीत ना चिठ्ठी? एकतीस नोव्हेंबर?"

"मला कुठं वाचता येतंय, भाऊसाहेब? चाक मोडलंय. सुताराची वाट बगतीय."

"आणि चिठ्ठी?"

साळूबाईनं कनवटीची चंची सोडली. चिठ्ठीत तंबाखूची पुडी बांधलेली होती. "लई बेस कागद असतोय तुमचा," ती मनापासून म्हणाली.

संध्याकाळी काकासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मशीनची परीक्षा झालीच नाही."

"नाही, साहेब."

"चिठ्ठीची मात्र झाली. कुणी वाचतच नाही, तर ती मशीननं कशाला करायची? पुण्याला नको म्हणून कळवा. तुम्हीच लिहीत चला."

बोलल्याप्रमाणे यंत्र आठ दिवसांत घरी बसलं. कँटीनमध्ये गहिनीनाथांनी तेवढंच सांगितलं. मग खुर्चीवर येऊन साळूबाईची उद्याची चिठ्ठी पुढे ओढली. एकतीस नोव्हेंबर लिहायची फार इच्छा झाली, पण हात धजेना. त्यांनी ठसठशीत तीस लिहिलं. कागद तेवढा जरा जाड घेतला.