कोऱ्या नकाशाचा दाखला

"चार महिने तिकडे राहून हे आणलंत?" साहेबांनी नकाशा टेबलावर आपटला. "कोरा कागद?"

सर्वेअरच्या कपाळाची शीर तटतटली. त्या उंच, गारठलेल्या वाळवंटातल्या वाऱ्याने त्याच्या नाकाचं सालपट काढलं होतं. "साहेब, दर वीस मीटर चढाला एक रेघ काढायची असते. तिथे चढच नाही, तर रेघ कुठून आणू?"

"मग तिथे काहीही नाही, असा स्थानिक रहिवाशाचा दाखला आणा."

"जिथे काहीच नाही, तिथे रहिवासी कुठला?"

"नसेल, तर तसं त्याच्याकडून लिहून आणा!"

दातओठ खात सर्वेअर परत निघाला. दोन दिवस जीप, मग पायपीट. तिसऱ्या दिवशी शेळ्या राखणारी एक म्हातारी भेटली. त्याने घाईघाईने दाखला वाचून दाखवला आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे केलं.

"इथे काही नाही?" म्हातारी कडाडली. "डोळे आहेत का गारगोट्या?"

"तसं नव्हे आजी, मोजण्यासारखं काही..."

"चल माझ्याबरोबर!"

दंडाला धरून तिने त्याला दिवसभर फिरवलं. "ही रुसव्याची टेकडी. आमचे हे रागावले की इथे येऊन बसायचे." टेकडी जेमतेम कमरेइतकी होती. "इथे हातभर खणलं की पाणी लागतं." सर्वेअरने चिडूनच खणलं. पाणी लागलं. तो वही काढून लिहू लागला. एका उघड्या खडकापाशी ती थांबली. "इथे माझी थोरली जन्मली. वादळात पुढे जाताच येईना."

सर्वेअरने पेन्सिलीला नव्याने टोक केलं.

कचेरीत नव्या नकाशावरची एक्केचाळीस नावं पाहून साहेब भडकले. "शेळीवालीच्या गप्पा नकाशात? त्यापेक्षा कोराच बरा होता! त्याच्यावरच सही करतो."

"कोरा?" सर्वेअरचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. "पाणी आहे तिथे! माणसं जन्मलीत तिथे! इथे खाली कचेरीत बसून कोरा म्हणायला काय जातं?"

बाहेरचे टाइपरायटर थांबले. साहेबांनी चष्मा पुसला आणि नव्या नकाशावर सही केली.

सर्वेअर धुमसतच नकाशा घेऊन ड्राफ्ट्समनकडे गेला. ड्राफ्ट्समनने कागद उलटसुलट करून पाहिला.

"एवढी नावं यात मावायची नाहीत हो. जागाच नाही. चार-पाच गाळू का?"

सर्वेअरने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने गुपचूप आणखी एक कागद जोडायला घेतला.